यंत्राची वेस कोण आखणार? कर्जत-खालापूरच्या अनुभवांचा आढावा

शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या अरुंद रस्त्यांवर उतरू लागतात. कोणी उल्हास नदीकाठच्या फार्महाऊसवर जातो, कोणी मौनाच्या शिबिराला, कोणी मोबाइल बाजूला ठेवायला सांगणाऱ्या विश्रामस्थळी. आठवडाभर पडद्यासमोर बसलेल्या माणसांना दोन दिवस माणसांत, झाडांत, पावसात काढायचे असतात. त्याच सुमारास खांडस-पाथरजकडच्या एखाद्या ठाकरवाडीतली किंवा कातकरवाडीतली बाई डोंगर उतरत असते. तिला रेशन दुकानात अंगठा लावायचा असतो, नाहीतर सेवा केंद्रात बसून ओटीपीची वाट पाहायची असते. एकाला यंत्रापासून सुटका हवी आहे. दुसरीला, यंत्राने आपल्याला ओळखावे म्हणून खेटे घालावे लागत आहेत.

या दोन गरजांची चर्चा आपल्याकडे वेगवेगळी होते. पहिलीची पुरवण्यांमध्ये, जीवनशैली म्हणून. दुसरीची प्रशासनाच्या बैठकांत, तांत्रिक अडचण म्हणून. पण दोन्हींच्या तळाशी प्रश्न एकच आहे: रोजच्या जगण्यात यंत्राने कुठवर यायचे आणि ते कोणी ठरवायचे? रायगड जिल्ह्याच्या या आतल्या दोन तालुक्यांत या प्रश्नाची इतकी रूपे शेजारीशेजारी दिसतात की त्यांचा एकत्र आढावा घेणे गरजेचे वाटते.

वीज इथली, उजेड मुंबईचा

हा भाग यंत्रयुगाला नवखा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत पोचले. बोरघाट फोडून मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ही योजना होती. मुंबईच्या यंत्रांना बळ इथल्या पावसाने दिले. त्या तारांखालच्या बऱ्याच वाड्यांना मात्र स्वतःच्या दिव्यासाठी स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके थांबावे लागले.

या योजनेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. वीज करून झाल्यावर सुटणारे पाणी वाया गेले नाही. खोपोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याने पाताळगंगा बारमाही वाहू लागली. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा चालला आणि कर्जत तालुक्यातल्या अनेक गावांना उन्हाळी भाताचे पीक घेता आले. एकाच यंत्रणेने एका वाडीला अंधारात ठेवले आणि एका गावाला दुसरे पीक दिले. पाणी कुठे वळवायचे हे कोणाच्या सोयीने ठरले, यावर हा फरक पडला.

माथेरानला जन्मलेले विठ्ठलराव ऊर्फ भाई कोतवाल यांची कामगिरी या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचे वैर विजेशी नव्हते. ती ज्या परक्या सत्तेला बळ देत होती, तिच्याशी होते. मनोरे पाडणाऱ्या याच माणसाने धान्यकोठ्याही बांधल्या, हे मात्र आपण कमी आठवतो. एका हाताने लादलेल्या यंत्रणेला नकार आणि दुसऱ्या हाताने शेजाऱ्यांची आपली व्यवस्था, असे दुहेरी काम त्यांनी केले. नुसत्या नकाराने जगणे उभे राहत नाही, हे त्यांना उमगले होते.

विनोबांची चाळणी

यंत्राबद्दलचा विचार तपासायला फार लांब जावे लागत नाही. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. १८९५ मध्ये ते तिथे जन्मले आणि त्यांचे बालपणही तिथेच गेले. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये रेल्वेसह साऱ्या यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली, पुढे शिलाई यंत्रासारख्या साधनांचे त्यांनी स्वागतही केले. विनोबांनी हा विचार अधिक नेटका केला. त्यांनी यंत्रांचे तीन वर्ग पाडले: वेळ वाचवणारी समयसाधक, माणसे मारणारी संहारक आणि माल तयार करणारी उत्पादक. उत्पादक यंत्रांत पुन्हा दोन प्रकार, पूरक आणि मारक. जे माणसाच्या श्रमाला हात देते ते पूरक, जे त्याचा घास काढून घेते ते मारक. एका काळी, एका ठिकाणी पूरक असलेले यंत्र दुसरीकडे मारक ठरू शकते, हेही त्यांनी सांगितले.

जगात पुढे झालेली चर्चा याच दिशेने गेली. इव्हान इलिच यांनी १९७३ मध्ये ‘टूल्स फॉर कन्व्हिव्हिॲलिटी’ या पुस्तकात मांडले की साधने एका मर्यादेपलीकडे वाढली की माणूस त्यांचा चाकर होतो; ती मर्यादा लोकांनी मिळून, जाणीवपूर्वक घालायला हवी. त्याच वर्षी ई. एफ. शूमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ आले. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तशाच हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. या साऱ्या मांडणीत यंत्र चांगले की वाईट हा मुद्दा मागे पडतो आणि त्याची हद्द पुढे येते. विनोबांची चाळणी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती यंत्राला प्रश्न विचारण्याआधी त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहते. आता हीच चाळणी कर्जत-खालापूरच्या जगण्याला लावून पाहू.

माथेरान: मोटारीवाचूनचे गाव

मोटारीवाचून चालणारे गाव म्हणून माथेरानचे नाव देशभर घेतले जाते. ठाण्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि हे थंड हवेचे ठिकाण वसले. २००३ मध्ये केंद्राने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. तिथून पुढे दीर्घकाळ पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातच जावे लागे. चालणाऱ्याच्या वेगाने चालणारे गाव कसे असते, हे माथेरानला गेलेला प्रत्येक जण सांगू शकेल. रस्त्यात माणसे थांबून बोलतात, मुले रस्त्याच्या मधोमध खेळतात, धूळ तांबडी असली तरी हवा स्वच्छ असते.

पण याच गावाने या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूपही दाखवले. मोटार नाही म्हणून माणूस माणसाला ओढत होता. परवाना असलेल्या ९४ हातरिक्षा होत्या. तांबड्या मातीच्या चढावर, पावसाळ्यातल्या चिखलात, दोन-तीन माणसे मिळून एका प्रवाशाला ओढत नेत. शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्यांना रोजची पायपीट होतीच. पाहुण्याला जी शांतता वाटे, तिची किंमत कोणाच्या तरी छातीचा भाता चुकवत होता. हातरिक्षाचालकांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली. अश्वपालकांनी रोजगार जाईल म्हणून विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षाची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी राज्याच्या गळ्यात घातली.

या निकालातून निघणारा धडा साऱ्या चर्चेला लागू आहे. यंत्र नसले की जगणे आपोआप माणुसकीचे होते, असे नाही. माथेरानला मोटार न येऊ देणे शहाणपणाचे होते आणि आहे. पण त्या शहाणपणाचा भार गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या खांद्यावर ठेवणे अन्याय होता. ई-रिक्षा इथे पूरक यंत्र ठरू शकते, मात्र तिचा परवाना ज्यांनी आयुष्यभर हातरिक्षा ओढली त्यांनाच मिळायला हवा. तो बाहेरच्या भांडवलवाल्याकडे गेला, तर तेच यंत्र मारक ठरेल.

आवणी, गादीवाफा आणि धान्यकोठी

शेतीत हा प्रश्न कंबरेच्या दुखण्यातून कळतो. इथली मुख्य शेती भाताची. कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेली कर्जत-३, कर्जत-७ ही वाणे कोकणभर पेरली जातात. जुन्या पद्धतीत राब भाजायचा, रोपे करायची, चिखलणी करायची आणि मग आवणी. आवणीला सावड असे: आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. गाणी, न्याहारी, भांडणे, सोयरिकीची बोलणी, सगळे बांधावरच होई. या सामूहिक कामाबद्दल आज हळवेपणाने लिहिले जाते आणि त्यात खोटे काही नाही. पण दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायकांची कंबर त्या लिखाणात क्वचितच येते.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी यावर एक उत्तर शोधले. अमेरिकेत शिकून परतलेल्या या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात कृषी पर्यटनाचा पाया घातला आणि पुढे ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केले. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडायची, त्यांत बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. साचा गावचा लोहार करू शकतो, दुरुस्तही करू शकतो. जमिनीचा पोत सुधारतो, मजुरी वाचते, बायकांचे वाकणे वाचते. पद्धत तणनाशकावर अवलंबून राहते, ही तिची उणी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तरीही यंत्र वाढवून नव्हे, अनावश्यक काम कमी करून श्रम हलके करता येतात, हे इथे दिसते. तंत्र म्हणजे मोठे यंत्रच, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

एक गोष्ट मात्र तंत्राने भरून येत नाही. आवणी गेली की एकत्र येण्याचे निमित्तही जाते. ते निमित्त दुसरीकडे मुद्दाम जपावे लागते, आणि त्यासाठी कर्जत तालुक्याकडे धान्यकोठीचा वारसा आहे. पावसाळ्यात आदिवासी घरातले धान्य संपते. तेव्हा सावकाराकडून दिढीने, म्हणजे मणाला दीड मण परत करण्याच्या बोलीवर, धान्य उचलावे लागे. कापणी झाली की अर्धे पीक सावकाराच्या घरी जाई. कोतवालांनी याच जागी बोट ठेवले होते. पुढे कशेळ्याच्या ‘ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने धान्यबँकेचे काम वाड्यावाड्यांत पुन्हा उभे केले. सुगीत प्रत्येक घराने थोडे धान्य सामायिक कोठीत घालायचे, तंगीत गरजेप्रमाणे उचलायचे आणि पुढच्या सुगीला थोड्या वाढीसह परत करायचे. ती वाढ सावकाराच्या घरी न जाता वाडीच्याच कोठीत राहते. हिशेब वाडीतलीच माणसे ठेवतात. कोणाकडे लग्न आहे, कोणाचा बैल गेला, कोणाला या वर्षी सवलत द्यायला हवी, हे पडताळायला कोणतीही प्रणाली लागत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते. उसने देणे-घेणे ओळखीवर आणि विश्वासावर चालते, आणि तो विश्वास वापरल्यानेच वाढतो. या साऱ्या आढाव्यात अधिक माणुसकीच्या जगण्याचा याहून चांगला नमुना मला दिसत नाही.

‘अंगठा लागत नाही’

याच्या नेमके उलट चित्र सरकारी हक्कांच्या दारात आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याने धान्याला हक्काचा दर्जा दिला आणि काही वर्षांतच रेशन दुकानांत अंगठ्याच्या ठशावरून ओळख पटवणारी ई-पॉस यंत्रे आली. बनावट शिधापत्रिकांना आणि काळ्या बाजाराला आळा घालणे हा हेतू होता आणि तो रास्त होता. पण वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, चिखलात राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. मग ‘अंगठा लागत नाही’, ‘रेंज नाही’, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ही वाक्ये सुरू होतात. दुकानदार त्या बाईला नावाने ओळखत असतो, तिच्या सासूलाही ओळखत असतो. तरी ती तीच आहे हे यंत्राने म्हणेपर्यंत त्याला धान्य मोजता येत नाही. प्रमाणीकरण झाले नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना दिल्या. अशी सूचना कागदावर असणे आणि दुकानात ती वापरण्याची मुभा असणे, यांत वाडीपासून रेशन दुकानापर्यंतची पायपीट आहे.

अशा पडताळण्यांची यादी वाढतच गेली आहे. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली; तलाठ्याने बांधावर येण्याऐवजी शेतकऱ्यानेच पिकाचे छायाचित्र मोबाइलवरून चढवायचे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, सक्तीची झाली. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी लाभार्थीचा आणि तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार ओटीपीने पडताळावा लागला. विधवा आणि एकल बायकांना त्याचा विशेष घोर लागला. यातले प्रत्येक साधन स्वतंत्रपणे पाहिले तर समर्थन करता येते. ई-पीक पाहणीने तर कचेरीत बसून भरलेल्या नोंदींना आळा घालण्याची संधी दिली. पण सगळी मिळून पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते: नागरिक आणि त्याचा हक्क यांच्यामध्ये उभा असलेला माणूस निर्णय घेण्याच्या अधिकारातून बाजूला झाला आहे. चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची, याला चेहरा उरलेला नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी दाखवलेली हिंमत आठवावी लागेल. २०२१ मध्ये अंगणवाडीतल्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. ते इंग्रजीत होते आणि सरकारने दिलेले फोन ते पेलू शकत नव्हते. सेविकांनी राज्यभर फोन परत करण्याचे आंदोलन केले. त्या यंत्राच्या विरोधात नव्हत्या. ॲप मराठीत द्या आणि चालणारा फोन द्या, ही त्यांची मागणी होती. कर्जतसारख्या, कुपोषणाची चिंता जुनी असलेल्या तालुक्यात सेविकेचा वेळ ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मुलाचे वजन करणे, आईशी बोलणे, घरी जाऊन चूल पेटली का पाहणे, हे तिचे खरे काम. नोंद त्या कामाला मदत करत असेल तर ती पूरक. नोंदीसाठी काम थांबत असेल तर ती मारक.

मुले आणि सातचा भोंगा

पालकांना आज सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मुलांच्या मोबाइलचा आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने शाळेतल्या तंत्रज्ञानाबद्दल सावध केले आणि ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली.

महाराष्ट्रातल्या गावांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक शिरस्ता सुरू केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघर टीव्ही व मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला.

दोन्हींत मला मोठा फरक दिसतो. बांसीचा ठराव मुलांवर आहे, वडगावचा साऱ्या गावावर. मुलाला फोन ठेव म्हणणारा बाप स्वतः क्रिकेट पाहत बसला, तर ती शिस्त टिकणार नाही. वडगावात आई मालिका बंद करते, बाप फोन ठेवतो, म्हणून मुलगा पुस्तक उघडतो. शिवाय हा भार कोणा एका घरावर येत नाही. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर मूल शेजारी जाते. सगळ्या घरांनी केला तर शेजारचे मूलच बाहेर खेळायला येते. कर्जत-खालापूरच्या गावांना हा प्रयोग सहज करता येईल. मात्र एक फरक ध्यानात ठेवून. २०२०-२१ मध्ये शाळा बंद असताना रेंजसाठी टेकडी चढणारी मुले आपल्या राज्याने पाहिली आहेत. ज्या वाडीत अजून फोनच धड लागत नाही, तिला आधी फोन द्यायचा आणि मग त्याची वेळ ठरवण्याचा अधिकारही द्यायचा, हा क्रम चुकवू नये.

लोकलचा डबा आणि आठवड्याअखेरचे पाहुणे

कर्जतहून मुंबई सुमारे १०० किलोमीटर. रोज ये-जा करणाऱ्याचे चार-पाच तास गाडीत जातात. तरीही या डब्याने माणसे जोडली. भजनी मंडळे, दसऱ्याला गाडीची पूजा, बायकांच्या डब्यात भाजी निवडत चाललेल्या गप्पा आणि संक्रांतीचे हळदीकुंकू, हे सगळे रुळांवर वाढले. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडावी लागत, म्हणून कर्जतला गाडी थांबे; त्या थांब्यावर दिवाडकरांचा बटाटेवडा नावारूपाला आला. यंत्राच्या सक्तीच्या थांब्यातून माणसांनी आपली जागा काढली. आज त्याच डब्यात बहुतेकांच्या कानांत हेडफोन असतात. दमलेल्या माणसाला दोष देणे बरोबर नाही. पण जिथे टाळ वाजतात, तिथे लोक अजून सरकून जागा देतात, एवढे मात्र खरे.

आणि प्रत्येक जुन्या भेटीचे जतन करण्याचीही गरज नाही. द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलनाक्यावर २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रांगेत धूर खात उभ्या राहणाऱ्या नोकरदाराचे त्यात काहीच हरवले नाही. विनोबांच्या भाषेत हे समयसाधक यंत्र, आणि ते मोकळ्या मनाने स्वीकारावे.

शहरातून येणाऱ्या पाहुण्यांबद्दलही न्यायाने बोलायला हवे. त्यांची ओढ खरी आहे. पण विकत घेतलेल्या शांततेला कुंपण असते. त्या जमिनी काल कोणाच्या तरी भाताच्या होत्या, आज त्यांचे मालक तिथेच माळी किंवा रखवालदार आहेत, असे चित्र या दोन्ही तालुक्यांत दिसते. पाहुण्याने शेवळे, कुर्डू, करटोली विकायला बसलेल्या ठाकर-कातकरी बाईशी दोन शब्द बोलावेत, भाजी कशी करायची ते विचारावे, पुढच्या वेळी तिचीच भाजी घ्यावी. मग दोन दिवसांची विश्रांती एका नात्यात बदलते. अन्यथा फोन बंद करूनही तो पडद्यामागेच राहतो.

इर्शाळवाडीने सांगितलेले

या आढाव्यात इर्शाळवाडीला वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. वाडीला रस्ता नव्हता. माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. भर पावसात माणसे चढून गेली आणि कुदळ-फावड्याने, हातांनी माती उकरत राहिली. आपल्या सर्वांत जुन्या मूल्यांचे ते उजळ दर्शन होते, आणि ज्या यंत्रणेने आधी पोचायला हवे होते तिच्या अनुपस्थितीचेही. धोक्याची पूर्वसूचना, पोचणारा रस्ता, वेळेवर पुनर्वसन ही साधी आधुनिकता त्या लोकांच्या वाट्याला आली नाही. साधे जीवन निवडण्याचा अधिकार आणि साधनांवाचून राहण्याची सक्ती, यांत जीवन-मरणाचे अंतर आहे.

हद्द आखण्याचा हक्क

या सगळ्या अनुभवांतून एक सूत्र हाती लागते. धान्यकोठी, सातचा भोंगा, लोखंडी साचा, सेविकांची मराठी ॲपची मागणी: जिथे साधनाची हद्द ते वापरणाऱ्यांनी स्वतः आखली किंवा तसा आग्रह धरला, तिथे जगणे अधिक माणुसकीचे झाले किंवा होण्याची वाट उघडली. जिथे ती दुसऱ्याने आखली, तिथे रेशनच्या अंगठ्यासारखे यंत्रही छळते आणि हातरिक्षासारखे यंत्राचे नसणेही छळते. म्हणून कमी तंत्रज्ञानाच्या जगण्याची मागणी करताना ती निर्णयाच्या अधिकाराची मागणी म्हणून करावी, असे मी मनापासून म्हणतो.

या अधिकाराला रोजच्या व्यवहारात रूप द्यायचे तर काही गोष्टी लगेच करता येतील. हक्काच्या प्रत्येक खिडकीवर यंत्राने नाकारलेल्या माणसाला तिथेच, त्याच दिवशी, सही करून हक्क देणारा जबाबदार माणूस असावा आणि गावातल्या दोघांची साक्ष त्याला पुरेशी असावी. नवे यंत्र येईल तेव्हा त्याची मालकी आधी ज्यांचे काम ते घेते त्यांना मिळावी. पाड्या-वाड्यांना रस्ता, रेंज आणि धोक्याची सूचना आधी मिळावी. गावाने संध्याकाळचा एक प्रहर मोठ्यांसह साऱ्यांसाठी पडद्याविना ठेवावा. आणि जिथे आवणीची सावड संपली, तिथे धान्यकोठी, वाचनालय, भजन, खेळ यांपैकी काहीतरी सामायिक पुन्हा सुरू करावे.

यांतल्या बऱ्याच गोष्टींना मंत्रालयातल्या फाइलीची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतेच. तिच्या विषयपत्रिकेवर रस्ते आणि गटारांइतक्याच ठामपणे हा विषय यावा: आपल्या गावात कोणते यंत्र कुठवर येईल. हा ठराव मांडायला कोणत्याही वाडीतली, शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा समर्थ आहे. कोणत्या यंत्राने आपले काम हलके केले आणि कोणत्याने दिवस खाल्ला, हे तिच्याइतके नेमके दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.